विश्लेषण : अमेरिकेचा गुंतवणूकदार व्हिसा, ३० सप्टेंबरच्या आधी ३१ मार्च का महत्त्वाचा?

अमेरिकेच्या ईबी-५ या गुंतवणूकदार व्हिसाच्या जाहिरातींत सध्या एकच तारीख झळकते आहे, ती म्हणजे ३० सप्टेंबर २०२६. वेबिनार असो, पंचतारांकित हॉटेलातला परिसंवाद असो की व्हॉट्सॲपवर फिरणारे माहितीपत्रक, ‘या तारखेच्या आत अर्ज करा’ हा सूर सगळीकडे सारखाच. तारीख खरी आहे. पण भारतातून पैसे पाठवून हा मार्ग धरू पाहणाऱ्या कुटुंबांसाठी त्याआधी आणखी एक तारीख येते, ३१ मार्च. ती जाहिरातींत क्वचितच दिसते. ती चुकली, तर सप्टेंबरचे गणित कोलमडू शकते.

३० सप्टेंबरला नेमके काय होणार?

ईबी-५ची सुरुवात १९९०च्या अमेरिकी स्थलांतर कायद्याने झाली. अमेरिकेतील व्यवसायात ठरावीक रक्कम गुंतवायची, प्रत्येक गुंतवणुकीमागे किमान १० पूर्णवेळ नोकऱ्या निर्माण व्हायला हव्यात आणि त्या बदल्यात गुंतवणूकदार, जोडीदार व २१ वर्षांखालील अविवाहित मुलांना ग्रीन कार्ड, असा हा व्यवहार. बहुतेक लोक स्वतः व्यवसाय चालवत नाहीत. ‘रिजनल सेंटर’ नावाच्या मान्यताप्राप्त मध्यस्थ संस्थेच्या प्रकल्पात ते पैसे घालतात.

या रिजनल सेंटर योजनेला कायमस्वरूपी मान्यता नाही. ३० जून २०२१ रोजी तिची मुदत संपली आणि हजारो अर्ज अधांतरी लटकले. १५ मार्च २०२२ रोजी नवा सुधारणा कायदा आला आणि योजनेला ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत जीवदान मिळाले. २०२१चा अनुभव लक्षात घेऊन त्यात एक संरक्षक तरतूदही घालण्यात आली. ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत दाखल झालेल्या अर्जांवर पुढे योजना बंद पडली तरी काम सुरूच राहील, अशी ही तरतूद आहे.

म्हणजे त्या दिवशी योजना बंद होत नाही. त्यानंतरही वर्षभर अर्ज करता येतील. फक्त त्या अर्जांना हे संरक्षण नसेल. काँग्रेसने मुदत वाढवली तर चिंता नाही, न वाढवली तर २०२१ची पुनरावृत्ती. जाहिरातींत मात्र ‘शेवटची संधी’ एवढेच छापले जाते.

दुसरी तारीख आहे १ जानेवारी २०२७. सध्या किमान गुंतवणूक १० लाख ५० हजार डॉलर आहे. ग्रामीण भागात, जास्त बेरोजगारीच्या भागात किंवा पायाभूत सुविधांच्या प्रकल्पात ती ८ लाख डॉलर आहे. त्या दिवसापासून हे आकडे महागाईनुसार वाढणार आहेत. ही वाढ कायद्यातच लिहिलेली असल्याने ती टळण्याची शक्यता कमी.

भारतीयांनाच एवढी घाई का?

नोकरीच्या मार्गाने ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या भारतीयांची अवस्था सर्वांना ठाऊक आहे. ईबी-२ आणि ईबी-३ या गटांत २०२५मध्येही २०१३ सालचे अर्ज हाताळले जात होते. त्यात १९ सप्टेंबर २०२५ रोजी दोन घोषणा एकाच दिवशी झाल्या. अमेरिकेबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क आले आणि १० लाख डॉलरचे ‘गोल्ड कार्ड’ जाहीर झाले. गोल्ड कार्डातील रक्कम ही अमेरिकी सरकारला द्यायची भेट आहे, ती परत मिळत नाही. शिवाय व्हिसा ईबी-१ किंवा ईबी-२च्या कोट्यातूनच मिळणार असल्याने भारतीयांसाठी रांग तीच राहते. त्यामुळे ज्यांच्याकडे पैसा आहे, त्यांची नजर पुन्हा ईबी-५कडे वळली.

ईबी-५मध्येही रांग आहेच. वर्षाला साधारण ९,९४० व्हिसा आणि कोणत्याही एका देशाला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांची मर्यादा. त्यात अर्जदाराबरोबर जोडीदार आणि मुलेही मोजली जातात. ईबी-५च्या सर्वसाधारण गटात भारताची तारीख मार्च २०२५मध्ये १ जानेवारी २०२२ होती. एप्रिलमध्ये ती १ नोव्हेंबर २०१९वर आणि मेमध्ये १ मे २०१९वर मागे ओढली गेली. दोन महिन्यांत रांग अडीच वर्षांहून अधिक मागे सरकली.

२०२२च्या कायद्याने मात्र तीन राखीव गट केले. ग्रामीण प्रकल्पांसाठी २० टक्के, जास्त बेरोजगारीच्या भागासाठी १० टक्के आणि पायाभूत सुविधांसाठी २ टक्के व्हिसा राखून ठेवले. २०२५ अखेरपर्यंत हे गट भारतीयांसाठीही खुले होते, म्हणजे रांग नव्हती. ‘ग्रामीण’ म्हणजे शेतीवाडी असे कुणी समजू नये. महानगर क्षेत्राबाहेरचा आणि २० हजारांहून कमी वस्तीचा भाग, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्यक्षात तो प्रकल्प बऱ्याचदा डोंगरातले आलिशान स्की रिसॉर्ट असतो. ग्रामीण गटाचे २० टक्के म्हणजे सगळ्या जगासाठी वर्षाला दोन हजारांच्या आसपास व्हिसा. अर्ज असेच वाढत राहिले तर इथेही रांग लागणार. रांगेतली जागा अर्ज दाखल झाल्याच्या तारखेवर ठरते, म्हणून लवकर अर्ज करण्याला खरोखर किंमत आहे.

मग ३१ मार्चचा संबंध काय?

इथे अमेरिकेचा कायदा बाजूला राहतो आणि रिझर्व्ह बँकेचा नियम पुढे येतो. लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम, म्हणजेच एलआरएसखाली भारतात राहणाऱ्या एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त २ लाख ५० हजार डॉलर परदेशी पाठवता येतात. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि १ एप्रिलला मर्यादा पुन्हा शून्यापासून सुरू होते. न वापरलेली मर्यादा पुढच्या वर्षात जात नाही.

समजा, मुलगा टेक्सासमध्ये एच-१बीवर नोकरी करतो आणि आई-वडील नाशिकला आहेत. अर्जदार मुलगा असेल आणि आई-वडील त्याला पैसे भेट देणार असतील, तर ३१ मार्चपूर्वी दोघांचे मिळून ५ लाख डॉलर जाऊ शकतात आणि १ एप्रिलनंतर उरलेले ३ लाख. काही आठवड्यांत ८ लाख डॉलर पूर्ण. मार्च हुकला, तर एप्रिल २०२६ ते मार्च २०२७ या वर्षात दोघांकडून ५ लाखच जातील. उरलेल्या ३ लाखांसाठी एप्रिल २०२७ उजाडावा लागेल. तोपर्यंत सप्टेंबरची तारीख आणि जानेवारीतली दरवाढ, दोन्ही मागे पडलेले असतील.

मुलाच्या स्वतःच्या नावावर पुण्यात फ्लॅट असेल, तर त्याला वेगळी वाट आहे. अनिवासी भारतीयाला एनआरओ खात्यातून आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. खरेदीदाराने कापलेला टीडीएस आणि चार्टर्ड अकाउंटंटचे प्रमाणपत्र ही त्यातली वेळखाऊ कामे. पण एलआरएसची मर्यादा आड येत नाही.

अर्जदार स्वतःच भारतात असेल तर?

सर्वाधिक गैरसमज इथे आहे. नवरा-बायको मिळून वर्षाला ५ लाख पाठवू, असे गृहीत धरले जाते. रिझर्व्ह बँकेचा नियम तसा नाही. कुटुंबीयांच्या मर्यादा एकत्र करता येतात, पण परदेशी गुंतवणुकीसारख्या भांडवली व्यवहारात त्या गुंतवणुकीचे सहमालक असतील तरच. ईबी-५मध्ये गुंतवणूकदार एकच असतो. पत्नीने पतीच्या परदेशी खात्यात डॉलर भेट म्हणून टाकावेत, तर तेही चालत नाही. दोघेही भारतात राहणारे असतील, तर एलआरएसखाली अशा भेटीला मनाई आहे.

म्हणजे पुण्यातल्या एखाद्या उद्योजकाला स्वतःच्याच नावाने ८ लाख डॉलर पाठवायचे असतील, तर चार आर्थिक वर्षे लागतील. या मार्चमध्ये अडीच लाख, एप्रिलमध्ये अडीच लाख आणि तिथे गाडी थांबते. अमेरिकी नियमानुसार अर्जदार ‘गुंतवणुकीच्या प्रक्रियेत’ असला तरी अर्ज दाखल करता येतो. म्हणून काही वकील अर्धी रक्कम भरून अर्ज करण्याचा आणि बाकीची पुढच्या वर्षांत भरण्याचा मार्ग सुचवतात. मात्र उरलेली रक्कम कुठून आणि कधी येणार, हे पुराव्यानिशी दाखवावे लागते आणि सगळी रिजनल सेंटर्स अशी अर्धी रक्कम स्वीकारत नाहीत. परवडेल की नाही हा प्रश्न तर आहेच, पण ‘अर्जदार कोण’ हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. वेळापत्रकाचे सगळे उत्तर त्यावर अवलंबून आहे.

कर्ज काढून हे करता येईल का? एलआरएसखालील भांडवली व्यवहारांसाठी बँकांनी कर्ज देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे स्पष्ट निर्देश आहेत. शिवाय २२ ऑगस्ट २०२२ पासून परदेशी गुंतवणुकीचे नवे नियम लागू आहेत. परदेशातील नोंदणी न झालेल्या संस्थेतील भागभांडवल, वित्तीय सेवा देणारी संस्था यांबाबत त्यात व्यक्तींवर बंधने आहेत. ईबी-५ प्रकल्पांचे पैसे बहुधा अशाच भागीदारी संस्थेतून पुढे कर्जरूपाने जातात. त्यामुळे एखादी शाखा रक्कम पाठवते आणि दुसरी अडवते, असे होऊ शकते. प्रकल्पाची कागदपत्रे बँकेला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नव्हे, आधीच दाखवलेली बरी.

हातात किती रक्कम हवी?

एका डॉलरला ९० रुपये धरले, तर ८ लाख डॉलर म्हणजे ७ कोटी २० लाख रुपये. त्यावर टीसीएस येतो. एलआरएसखाली गुंतवणूक किंवा भेट म्हणून पाठवलेल्या रकमेवर प्रतिव्यक्ती, प्रतिवर्ष १० लाख रुपयांच्या वर २० टक्के. नाशिकच्या आई-वडिलांच्या उदाहरणात दोघांची दोन वर्षे म्हणजे ४० लाख रुपये वगळून ६ कोटी ८० लाखांवर टीसीएस लागेल, १ कोटी ३६ लाख रुपये. म्हणजे पैसे पाठवताना खात्यात साडेआठ कोटींहून अधिक रक्कम हवी.

हा वेगळा कर नाही. तो प्राप्तिकरातून वळता होतो किंवा विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. पण ग्रामीण भागातील शेतजमीन विकून पैसे आले असतील, तर त्यावर भांडवली नफा करच नसतो. अशा कुटुंबाला वळते करून घ्यायला फारसा कर नसतो आणि सव्वा कोटीहून अधिक रक्कम परताव्याची वाट पाहत काही महिने अडकून पडते. रिजनल सेंटरचा प्रशासकीय आकार, वकिलाची फी आणि अमेरिकी सरकारचे शुल्क हे सगळे याच्या वर.

सातबारा अमेरिकेत कसा वाचला जातो?

पैसे पाठवणे त्यामानाने सोपे, ते कुठून आले हे सिद्ध करणे कठीण. अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवेला प्रत्येक डॉलरचा कायदेशीर उगम आणि अर्जदाराच्या खात्यापासून प्रकल्पाच्या खात्यापर्यंतचा त्याचा प्रवास, दोन्ही हवे असते. सात वर्षांची विवरणपत्रे लागतात. पैसे भेट मिळाले असतील, तर देणाऱ्याने ते कसे कमावले, हेही दाखवावे लागते. वडिलांनी आईला आणि आईने मुलाला दिले असतील, तर साखळीतला प्रत्येक दुवा बक्षीसपत्र आणि बँक नोंदीसह.

महाराष्ट्रातल्या कुटुंबांची कसोटी इथे लागते. जमीन आजोबांच्या नावावर होती, त्यांच्यानंतर वारस नोंद झाली, भावांत वाटप झाले, मग एक तुकडा विकला. या प्रत्येक टप्प्याचा फेरफार, सातबारा, खरेदीखत आणि इंडेक्स टू गोळा करून त्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर द्यावे लागते. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने विवरणपत्रात बचतीचा माग नीट सापडत नाही. मग बाजार समितीच्या पट्ट्या, साखर कारखान्याची ऊसबिले, बँकेचे जुने पासबुक असा शोध सुरू होतो. वारस नोंदच झालेली नसेल तर ती आधी करून घ्यावी लागते, आणि नव्या फेरफारावर हरकतींसाठी १५ दिवसांची मुदत असते. कुणी हरकत घेतली तर वेळापत्रक महसूल कार्यालयाच्या हाती जाते.

आणि रोखीचा प्रश्न. व्यवहार दोन कोटींचा, खरेदीखतावर सव्वा कोटी, बाकी पिशवीतून, ही पद्धत किती रुळलेली आहे हे सांगायची गरज नाही. ईबी-५साठी फक्त कागदावरची रक्कम उपयोगाची. पिशवीतले पैसे दाखवायला गेले तर इथला प्राप्तिकर विभाग आणि तिथले स्थलांतर अधिकारी, दोन्हीकडे अडचण. जमीन विकून जाण्याचा विचार असेल, तर विक्रीच्या दिवशीच संपूर्ण रक्कम बँकेतून घेण्याचा निर्णय व्हायला हवा. नंतर तो सुधारता येत नाही.

जमीन अजून विकलीच नसेल, तर ग्राहक शोधण्यापासून भाषांतरापर्यंतचा सगळा काळ सप्टेंबरमधून वजा करावा लागेल. शेवटच्या महिन्यात वकिलांकडे अर्जांचा ढीग असणार, हे वेगळे सांगायला नको. ऑगस्टमध्ये फाइल तयार हवी, असे धरून मागे मोजत आले तर पैशांचा पहिला हप्ता मार्चमध्येच जाणे भाग पडते.

अर्जानंतर किती वर्षे?

यापुढचा रस्ता अर्जदार कुठे आहे यावर फुटतो. तो वैध व्हिसावर अमेरिकेत असेल आणि त्याच्या गटात रांग नसेल, तर मूळ अर्ज आणि ग्रीन कार्डचा अर्ज एकाच वेळी दाखल करता येतो. मग ग्रीन कार्ड येण्याआधीच स्वतंत्र कामाचा परवाना आणि प्रवासाचा परवाना मागता येतो. एच-१बीवरील व्यक्तीची नोकरी गेली तर सर्वसाधारणपणे ६० दिवसांत दुसरी शोधावी लागते किंवा देश सोडावा लागतो. ही टांगती तलवार दूर होणे, हेच अनेकांसाठी ईबी-५चे पहिले फळ आहे.

भारतातून अर्ज करणाऱ्याला मूळ अर्ज मंजूर होईपर्यंत थांबावे लागते. मग वैद्यकीय तपासणी, मुलाखत आणि त्यानंतर प्रवास. ग्रामीण प्रकल्पांच्या अर्जांना प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगतो आणि वर्षभराच्या आत मंजुरी मिळाल्याची उदाहरणे आहेत. पण त्याची हमी कुणी देत असेल, तर त्याच्यापासून सावध राहिलेले बरे.

पहिले ग्रीन कार्ड दोन वर्षांचे आणि सशर्त असते. दोन वर्षे पूर्ण होण्याआधीच्या ९० दिवसांत अटी हटवण्याचा आय-८२९ हा अर्ज करावा लागतो. दहा नोकऱ्या खरोखर तयार झाल्या का, हे तेव्हा तपासले जाते. नागरिकत्वासाठीची पाच वर्षे मात्र सशर्त कार्डापासूनच मोजली जातात.

घरात १७-१८ वर्षांचे मूल असेल, तर हे सगळे आणखी नाजूक होते. २१ पूर्ण झाले की ते कुटुंबाच्या अर्जातून बाहेर पडते. अर्ज प्रलंबित असल्याचा काळ वयातून वजा करण्याची सवलत आहे. पण अर्ज मंजूर झाला आणि व्हिसाची रांग लागलेली असेल, तर वय पुन्हा वाढू लागते. राखीव गटात आज रांग नाही म्हणून मूल सुरक्षित, हे उद्या खरे असेलच असे नाही. काही पालक त्यामुळे अमेरिकेत शिकणाऱ्या मुलालाच मुख्य अर्जदार करतात. आई-वडिलांना त्यातून ग्रीन कार्ड मिळत नाही. मात्र पैसे मुलाला भेट म्हणून जात असल्याने वरचा एलआरएसचा पेच सुटतो.

सशर्त असले तरी कार्ड हाती आले की जगभरातील उत्पन्न अमेरिकेला सांगणे बंधनकारक होते. भारतातले म्युच्युअल फंड तिथे ‘पॅसिव्ह’ परदेशी गुंतवणूक धरले जातात आणि त्यांवरचा कर बराच किचकट असतो. ते विकायचे असतील, तर विमानात बसण्याआधी.

पैसे परत कधी?

नव्या कायद्यानुसार गुंतवणूक किमान दोन वर्षे ठेवणे आवश्यक आहे. माहितीपत्रकांत यातून ‘दोन वर्षांत पैसे परत’ असा सूर निघतो. प्रत्यक्षात पैसे प्रकल्पाला दिलेल्या कर्जाची मुदत संपल्यावर परततात आणि ती मुदत साधारणपणे दोन वर्षांहून मोठी असते. शिवाय गुंतवणूक जोखमीत असणे हीच कायद्याची अट आहे. मुद्दल परत मिळण्याची हमी दिली, तर अर्जच अपात्र ठरू शकतो.

जोखीम म्हणजे काय, हे व्हर्माँटमधील ‘जे पीक’ प्रकरणाने दाखवले. स्की रिसॉर्ट आणि जोडप्रकल्पांसाठी ७४ देशांतील गुंतवणूकदारांकडून ३५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गोळा झाली. एप्रिल २०१६मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने प्रवर्तकांवर फसवणुकीचा खटला भरला. मुख्य प्रवर्तक एरियल किरोस याला २०२२मध्ये पाच वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. रक्कम अडकलीच, पण नोकऱ्या निर्माण न झाल्याने अनेकांचे ग्रीन कार्डही धोक्यात आले.

२०२२च्या कायद्याने लेखापरीक्षण आणि निधीवरील देखरेख वाढवली आहे. प्रत्येक प्रकल्पाला आता आय-९५६एफ हा स्वतंत्र अर्ज करावा लागतो. तो नुसता दाखल झाला असला तरी गुंतवणूकदाराला पुढे जाता येते. सल्लागाराला विचारायचा पहिला प्रश्न म्हणूनच हा, की आय-९५६एफ मंजूर झाला आहे की फक्त पावती आहे? दुसरा प्रश्न, या व्यवहारात सल्लागाराला रिजनल सेंटरकडून किती मोबदला मिळतो? तो उघड करणे कायद्याने बंधनकारक आहे. आणि तिसरा, बांधकामाचे बाकीचे पैसे आले आहेत का, की ईबी-५च्या पैशांवरच सगळे उभे राहणार आहे?

या तिन्हींची उत्तरे मार्चअखेर मिळत नसतील, तर एक मधला मार्ग उरतो. आई-वडिलांनी भेटीची रक्कम ३१ मार्चपूर्वी मुलाच्या अमेरिकेतील बँक खात्यात पाठवायची आणि प्रकल्पाची निवड नंतर, सवडीने करायची. परदेशी व्यक्तीकडून वर्षात १ लाख डॉलरहून अधिक भेट मिळाल्यास त्याची माहिती मुलाने फॉर्म ३५२०मध्ये अमेरिकेच्या कर खात्याला द्यावी लागते. त्यावर त्याला कर लागत नाही, पण फॉर्म भरायचा राहिला तर दंड मोठा आहे. अर्जदार स्वतः भारतात असेल, तर एवढी मोकळीक नाही. एलआरएसखाली परदेशी पाठवून न वापरलेली किंवा न गुंतवलेली रक्कम १८० दिवसांत परत आणावी लागते. मार्चअखेरीस पाठवलेल्या पैशांसाठी ही मुदत सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच संपते.